समान पारितोषिक : प्रश्न पैशाचा की प्रतिष्ठेचा?

(क्रीडाविषयक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



१२ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या मुख्य मैदानावर महिला एकेरीचा अंतिम सामना झाला. पोलंडच्या इगा श्वियाँतेकने अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोवाचा ६-०, ६-० असा पराभव केला. सामना अवघ्या ५७ मिनिटांत आटोपला. दुसऱ्या दिवशी त्याच हिरवळीवर इटलीच्या यानिक सिनरने स्पेनच्या कार्लोस अल्काराझला चार सेटमध्ये हरवले. त्यासाठी त्याला तीन तासांहून अधिक काळ झुंजावे लागले. दोन्ही विजेत्यांना मिळालेली रक्कम मात्र एकच होती : ३० लाख पौंड.

हे आकडे ऐकताच सामान्य माणसाच्या मनात एक स्वाभाविक शंका उभी राहते. एकाने तीन तास घाम गाळावा, दुसरीने तासाभरात काम उरकावे, आणि दोघांच्या पदरात सारखेच माप पडावे, हा कोणता न्याय? ही शंका विचारणाऱ्याला स्त्रीद्वेष्टा ठरवून गप्प बसवणे सोपे आहे. परंतु तसे केल्याने शंकेचे निरसन होत नाही. ज्या व्यवस्थेचा आज इतका गौरव होतो, ती कशी घडली, तिच्यामागे कोणते तर्क आहेत आणि त्या तर्कांची मर्यादा कोणती, हे शांतपणे समजून घेणे अधिक हितावह आहे.

परडीपासून पौंडापर्यंत

विम्बल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली, ती केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो सात वर्षांनी, १८८४ मध्ये. तेरा स्त्रिया उतरल्या आणि मॉड वॉटसन हिने आपल्याच बहिणीला, लिलियनला, हरवून पहिले विजेतेपद पटकावले. तिला मिळालेले पारितोषिक म्हणजे २० गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी. पायघोळ झगे आणि कंबर आवळणारे कपडे अंगावर वागवीत त्या काळच्या स्त्रिया खेळत असत, हे विसरता कामा नये.

त्यानंतर सुमारे आठ दशके मोठ्या स्पर्धा अधिकृतपणे हौशी खेळाडूंसाठीच राखीव होत्या. पैसा दिला जाई तो मागील दाराने. १९६८ साली हे ढोंग संपले. व्यावसायिक खेळाडूंना द्वार खुले झाले आणि रोख पारितोषिके जाहीर होऊ लागली. त्याबरोबर आजवर झाकलेली विषमताही उघड झाली. त्या वर्षी विम्बल्डन जिंकणाऱ्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले. महिलांचे विजेतेपद मिळवणाऱ्या बिली जीन किंगच्या हाती ७५० पौंड पडले. १९७० च्या इटालियन स्पर्धेत इली नास्तासेला ३,५०० डॉलर आणि किंगला ६०० डॉलर मिळाले. म्हणजे अंतर कमी होण्याऐवजी वाढत होते.

स्पर्धा एक, मैदान एक, तिकीट एक; तरीही स्त्रीच्या विजयाचे मोल पुरुषाच्या विजयाच्या षष्ठांशावर आले होते. स्त्रिया दोन सेट कमी खेळतात, एवढ्याने ही तफावत स्पष्ट होत नाही. तिचे मूळ एका गृहीतकात होते. पुरुष चरितार्थासाठी खेळतो आणि स्त्री हौसेसाठी, असे ते गृहीतक होते.

एका डॉलरचा करार

सप्टेंबर १९७० मध्ये या गृहीतकाला पहिला धक्का बसला. लॉस एंजेलिस येथील पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेचे सूत्रधार होते जॅक क्रेमर, स्वतः एके काळचे विम्बल्डन विजेते. त्यांनी पुरुषांसाठी ठेवलेले पारितोषिक स्त्रियांच्या सुमारे आठपट होते. खेळाडूंनी दाद मागितली, ती व्यर्थ गेली. तेव्हा ‘वर्ल्ड टेनिस’ या मासिकाच्या प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांनी ह्यूस्टन येथे स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा भरवली. नऊ जणींनी हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा प्रतीकात्मक करार केला. किंग, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची, ज्युली हेल्डमन, व्हॅलरी झिगेनफुस, क्रिस्टी पिजन आणि पीचेस बार्टकोविझ या सात अमेरिकन आणि ज्युडी डाल्टन व केरी मेलव्हिल या दोन ऑस्ट्रेलियन अशा त्या नऊ जणी होत्या.

आज त्यांचे कौतुक होते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय टेनिसच्या सन्मान-दालनात त्यांना सामूहिक स्थान मिळाले. परंतु त्या दिवशी त्यांच्यासमोर काय होते? राष्ट्रीय संघटनेने त्यांना निलंबित केले. ग्रँड स्लॅम स्पर्धांची दारे कायमची बंद होतील अशी भीती होती. पहिल्या स्पर्धेची एकूण रक्कम होती फक्त ७,५०० डॉलर. सर्वस्व पणाला लावून मिळणारे ते एवढेच होते. नऊ जणींपैकी अनेकींना पुढे मोठी संपत्ती मिळाली नाही. पुढच्या पिढ्यांनी जे घेतले, त्याचे बी मात्र त्यांनी पेरले होते.

या इतिहासाची एक काळी बाजूही लपवून ठेवू नये. या स्वतंत्र मालिकेला पैसा पुरवला तो सिगारेट बनवणाऱ्या कंपनीने. खास स्त्रियांना विकण्यासाठी काढलेल्या ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ या सिगारेटचे नाव त्या मालिकेला मिळाले आणि १९९० च्या दशकापर्यंत महिला टेनिसच्या नावाशी ते निगडित राहिले. उत्तम आरोग्याचे प्रतीक असणाऱ्या खेळाडूंच्या आधारे तंबाखूचा खप वाढवला गेला. प्रतिष्ठित संघटनांनी न्याय्य मागणी वेळीच ऐकली असती, तर या मुलींना असल्या आश्रयदात्याकडे जाण्याची वेळ आली नसती. घरातील मोठ्यांनी लक्ष दिले नाही की लेकरे परक्याचे ऐकतात, ही म्हणूनच सर्वांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

चौतीस वर्षांचे अंतर

१९७२ ची अमेरिकन खुली स्पर्धा किंगने जिंकली. तिला १०,००० डॉलर मिळाले आणि पुरुष विजेत्या नास्तासेला २५,०००. पुढच्या वर्षी समान रक्कम नसेल तर आपण येणार नाही, असे तिने जाहीर केले. केवळ इशारा देऊन ती थांबली नाही. तफावत भरून काढणारा पुरस्कर्ता मिळवण्याच्या खटपटीतही ती होती. जून १९७३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात तिच्या पुढाकाराने महिला टेनिस संघटना स्थापन झाली. विखुरलेल्या तक्रारींना संघटनेचे बळ मिळाले आणि त्याच वर्षीच्या अमेरिकन स्पर्धेत जॉन न्यूकम आणि मार्गारेट कोर्ट या दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर देण्यात आले. समान पारितोषिक देणारी ती पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा ठरली.

त्याच महिन्यात, २० सप्टेंबर १९७३ रोजी, ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ३० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर किंगने ५५ वर्षांच्या बॉबी रिग्जला ६-४, ६-३, ६-३ असे हरवले. त्या सामन्याची कीर्ती आजही गायली जाते. तथापि २९ वर्षांच्या विजेतीने ५५ वर्षांच्या निवृत्त खेळाडूला हरवण्याने स्त्री-पुरुषांच्या शारीरिक क्षमतेविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्या सामन्याचे खरे महत्त्व निराळे आहे. स्त्रीचा सामना पाहण्यासाठी एवढे लोक पैसे मोजून येतात, हे त्या रात्री साऱ्या जगाने पाहिले.

इतर स्पर्धांनी मात्र घाई केली नाही. ऑस्ट्रेलियाने १९८० च्या दशकात समान रक्कम दिली, १९९६ मध्ये ती मागे घेतली आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू केली. दिलेला न्याय काढूनही घेतला जातो, याचे हे उदाहरण आहे. फ्रेंच स्पर्धेने २००६ साली फक्त विजेत्यांना आणि २००७ पासून सर्व फेऱ्यांना समान रक्कम दिली. सर्वात शेवटी आले विम्बल्डन.

२००५ मध्ये अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येला व्हीनस विल्यम्स ग्रँड स्लॅमच्या कारभाऱ्यांसमोर गेली. तिने सर्वांना डोळे मिटायला सांगितले आणि आपली मुलगी, बहीण, पत्नी यांना मुलाच्या तुलनेत कमी लेखले गेले तर काय वाटेल, याची कल्पना करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती लिंडसे डेव्हनपोर्टविरुद्ध पावणेतीन तास खेळली, एक मॅच पॉइंट वाचवला आणि ४-६, ७-६, ९-७ असा विजय मिळवला. विम्बल्डनमधील महिलांचा तो सर्वात दीर्घ अंतिम सामना होता. तिला ६ लाख पौंड मिळाले; तीनच सेटमध्ये जिंकलेल्या रॉजर फेडररला ६ लाख ३० हजार. पुढच्या वर्षीही अंतर ३० हजारांचेच राहिले.

वास्तविक एवढ्या श्रीमंत स्पर्धेला ३० हजार पौंड म्हणजे किरकोळ रक्कम. विजेतीलाही त्यावाचून अडत नव्हते. मग दोन्ही बाजू एवढ्या अडून का बसल्या होत्या? कारण ती रक्कम व्यवहाराची राहिली नव्हती. तिने भेदरेषेचे रूप घेतले होते. जून २००६ मध्ये व्हीनसने ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात लेख लिहून हे मांडले. तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला. अखेर २२ फेब्रुवारी २००७ रोजी विम्बल्डनने सर्व फेऱ्यांसाठी समान रक्कम जाहीर केली. त्या वर्षी महिलांचे विजेतेपद व्हीनसनेच मिळवले, आणि तिला फेडररइतकेच, ७ लाख पौंड मिळाले. अमेरिकन स्पर्धेपासून या दिवसापर्यंत चौतीस वर्षे लोटली होती.

आक्षेपांचे मूल्यमापन

आता मूळ शंकेकडे वळावे. पहिला आक्षेप वेळेचा. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष पाच सेटचे सामने खेळतात आणि स्त्रिया तीन. २०२५ च्या फ्रेंच अंतिम सामन्यात अल्काराझ आणि सिनर ५ तास २९ मिनिटे लढले. महिला विजेती कोको गॉफ आणि अल्काराझ यांना मात्र समानच रक्कम मिळाली. हा आक्षेप तथ्यहीन नाही.

परंतु पारितोषिक हे वेतन नव्हे. ते तासांवर मोजले जात असते, तर तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाला पाच सेटमध्ये जिंकणाऱ्यापेक्षा कमी पैसे मिळाले असते. जो अधिक कुशल, तो लवकर जिंकतो. मग कौशल्याबद्दल दंड करायचा काय? २०११ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत फ्रान्सेस्का स्कियाव्होने आणि स्वेतलाना कुझ्नेत्सोवा यांचा चौथ्या फेरीचा सामना ४ तास ४४ मिनिटे चालला. त्याबद्दल त्यांना कोणी वाढीव मेहनताना दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

शिवाय तीन सेटचा नियम स्त्रियांनी मागून घेतलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १८९१ ते १९०१ या काळात स्त्रियांचे अंतिम सामने पाच सेटचे होत. १९०१ साली एलिझाबेथ मूर हिने सलग दोन दिवस पाच-पाच सेटचे सामने जिंकून विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षीपासून संघटनेने हे सामने तीन सेटवर आणले. मूरने विरोध केला, पण तिचे कोणी ऐकले नाही. पुढे १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा पाच सेटचा होता. १९९० मध्ये सोळा वर्षांच्या मोनिका सेलेसने गॅब्रिएला सबातिनीला त्यात पाच सेटमध्ये, सुमारे पावणेचार तासांत हरवले. स्त्रिया हे करू शकतात, याला एवढा पुरावा पुरे. पाच सेट खेळण्याची तयारी महिला टेनिस संघटनेने अनेकदा दर्शवली आहे. दिवसभराचे वेळापत्रक आणि दूरचित्रवाणीची सोय यांना ते परवडत नाही. नियम एकाने करायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे न्यायाला धरून नाही.

आणखी एक वस्तुस्थिती या आक्षेपाचा पायाच काढून घेते. ग्रँड स्लॅम सोडल्यास जवळपास सर्व स्पर्धांत पुरुषही तीनच सेट खेळतात. तरीही २०२३ च्या रोम स्पर्धेत महिला विजेतीला पुरुष विजेत्याच्या निम्म्याहूनही कमी रक्कम मिळाली. तेथे सेट सारखे होते, दिवस सारखे होते आणि मैदानही तेच होते. मग फरक कशाचा?

दुसरा आक्षेप बाजाराचा. पुरुषांच्या मालिकेचे प्रक्षेपण-हक्क अधिक किमतीला विकले जातात. जो अधिक कमावतो त्याला अधिक मिळावे, असे म्हटले जाते. २०१२ मध्ये फ्रान्सच्या जिल सिमोनने हाच मुद्दा मांडला होता. २०१६ मध्ये इंडियन वेल्स स्पर्धेचे प्रमुख रेमंड मूर यांनी महिला खेळाडूंनी पुरुष खेळाडूंबद्दल गुडघे टेकून देवाचे आभार मानावेत, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्यांना पद सोडावे लागले. मूर यांची भाषा निंद्य होती. सिमोनचा प्रश्न मात्र उत्तरास पात्र आहे.

त्याचे उत्तर असे की ग्रँड स्लॅमचे तिकीट काढणारा प्रेक्षक एका स्पर्धेचे तिकीट काढतो. त्या उत्पन्नात कोणाचा वाटा किती, हे काटेकोर वेगळे करता येत नाही. आणि लोकप्रियता वर्षागणिक बदलते. २००१ मध्ये व्हीनस आणि सेरेना या भगिनींचा अमेरिकन अंतिम सामना प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने सर्वोत्तम अशा सायंकाळच्या वेळेत हलवण्यात आला. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेच्या महिला अंतिम सामन्याची तिकिटे पुरुषांच्या आधी संपली. तेव्हा स्त्रियांना अधिक रक्कम द्यावी, असे बाजाराचे कैवारी म्हणाले नाहीत. शिवाय बाजार आपोआप घडत नाही. ज्या सामन्याला कोपऱ्यातले मैदान आणि गैरसोयीची वेळ मिळते, त्याला प्रेक्षक कमी मिळणारच. आधी झाड पाण्यावाचून ठेवायचे आणि मग फळ नाही म्हणून त्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

तथापि जेथे स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा सर्वस्वी स्वतंत्र आहेत, तेथे बाजाराचा मुद्दा अधिक वजनदार ठरतो, हे मान्य केले पाहिजे. महिला संघटनेनेही ते वास्तव ओळखले आहे. २०२३ मध्ये तिने टप्प्याटप्प्याचा मार्ग जाहीर केला : मोठ्या संयुक्त स्पर्धांत २०२७ पर्यंत आणि स्वतंत्र स्पर्धांत २०३३ पर्यंत समानता. म्हणजे पहिल्या डॉलरच्या करारापासून त्रेसष्ट वर्षे. आणि बाजाराच्या बळावरही स्त्रिया पुढे जाऊ शकतात, हे २०२५ च्या वर्षअखेरच्या स्पर्धेने दाखवले. रियाधमध्ये विजेत्या एलेना रिबाकिनाला ५२ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. पुरुषांच्या तशाच स्पर्धेतील विजेत्या सिनरच्या रकमेहून ते अधिक होते.

घरचा हिशेब

हा सारा इतिहास दूरदेशीचा वाटेल. पण त्याचे धागे या भूमीपर्यंत येतात. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव ही मुंबईची. तिच्या आई पंडिता क्षमा राव या संस्कृतमध्ये ‘सत्याग्रहगीता’ रचणाऱ्या विदुषी, आणि स्वतः टेनिसपटूही. संस्कृत विद्या आणि टेनिसची रॅकेट एकाच घरात नांदत होती; एकीने दुसरीला विरोध केला नाही. मुलीने मैदानात उतरणे संस्कारांच्या विरुद्ध आहे, असे मानणाऱ्यांनी हे घर आठवावे.

स्क्वॅशपटू दीपिका पल्लिकल हिने पारितोषिके असमान असल्याने अनेक वर्षे राष्ट्रीय स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि २०१६ मध्ये रक्कम समान झाल्यावरच ती परतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामना-मानधन समान केले : कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख. वार्षिक करारांतील दरी मात्र तेव्हा तशीच राहिली. पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची होती आणि स्त्रियांची ५० लाखांची.

आणि मग २ नोव्हेंबर २०२५ उजाडला. नवी मुंबईच्या मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. विजेत्या संघासाठी ४४ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ४० कोटी रुपये जाहीर झालेले होते. पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषक विजेत्यांना मिळालेल्या ४० लाख डॉलरपेक्षा अधिक. त्या रात्री मध्यरात्र उलटेपर्यंत मैदान भरलेले होते. मुलींचे क्रिकेट कोण पाहतो, हा प्रश्न त्या गर्दीने निकालात काढला.

परंतु पारितोषिकाची रक्कम हा प्रवासाचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा घरात असतो. मुलाच्या प्रशिक्षणासाठी कर्ज काढणारे कुटुंब मुलीच्या बुटांसाठी पुढच्या महिन्याची वाट पाहायला सांगते. मुलगा सरावाहून उशिरा आला तर त्याला गरम पोळी मिळते. मुलगी उशिरा आली तर तिला जाब विचारला जातो. दहावीचे वर्ष आले की आधी मुलीचा खेळ बंद होतो. विम्बल्डनला जी विषमता दूर करायला चौतीस वर्षे लागली, ती कोणी कायद्याने लिहिलेली नव्हती. ती अशाच लहान-लहान निर्णयांतून, सवयीतून आलेली होती.

या देशात स्त्रीला देवी मानण्याची परंपरा आहे आणि ती भूषणावह आहे. पण देव्हाऱ्यातील आदर जोवर घरखर्चाच्या वहीत उतरत नाही, तोवर तो अपुराच राहतो. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुणारे हात वर्षभर तिच्या पायांसाठी धावण्याचे बूटही आणून देतील, तर पूजा सार्थ होईल. मोहल्ल्यात, शाळेत, गणेशोत्सवाच्या मंडळात भरणाऱ्या स्पर्धांत मुलाला सायकल आणि मुलीला डबा, अशी बक्षिसे ठेवण्याची रीत जेथे अजून असेल, तेथे ती याच वर्षी बदलता येईल. त्यासाठी कुठल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरावाची आवश्यकता नाही.

ह्यूस्टनच्या त्या नऊ मुलींनी एकेक डॉलर घेतला, तेव्हा त्यांची मागणी मोठी नव्हती. जगातील कुठल्याही मुलीला, तिच्यात गुण असतील तर, खेळावर चरितार्थ चालवता यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजही असंख्य घरांत अशी एखादी मुलगी रॅकेट वा बॅट घेऊन दाराशी उभी आहे. तिला आत बोलवायचे की बाहेर खेळायला पाठवायचे, हे कोणत्याही स्पर्धेच्या व्यवस्थापनाला ठरवायचे नाही. ते तिच्या आई-वडिलांनी ठरवायचे आहे.